नाका, खुन्नस आणि आपली पोरं: ठाणे–नवी मुंबईतल्या पालकांचे, शिक्षकांचे आणि मंडळांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वागळे इस्टेटमधल्या एका समाजमंदिरात आम्ही काही जण दर शनिवारी संध्याकाळी १३ ते १९ वयाच्या मुलांचा गट चालवतो. आमच्यात एक निवृत्त शिक्षिका आहेत, दोन समुपदेशक, एक रिक्षाचालक, आणि एकेकाळी स्वतःच राडे केलेले दोघे. खालचे प्रश्न आयांच्या व्हॉइस मेसेजमधून, शाळांच्या पालकसभांतून आणि मंडळांच्या मीटिंगांतून पुन्हा पुन्हा आलेले आहेत. नावं, शाळा आणि गल्ल्या काढून टाकल्या आहेत. मुलाला पोलिसांनी आत्ता नेलं असेल तर बाकीचं सोडा, थेट प्रश्न १० वाचा.

१. पोरांची मारामारी आमच्या वेळीही व्हायची. आता त्याला ‘युवा हिंसा’ म्हणून एवढा गाजावाजा कशाला?

व्हायची, खरं आहे. जागतिक आरोग्य संघटना १० ते २९ वयातल्या, घराबाहेर होणाऱ्या मारहाणीला, दादागिरीला, टोळीच्या भांडणांना आणि शस्त्रांच्या वापराला मिळून हे नाव देते. जगात दरवर्षी १५ ते २९ वयोगटात सुमारे १,९३,००० खून होतात, असं हीच संघटना सांगते. दोन थपडांपासून चॉपरपर्यंत सगळं एका नावाखाली येतं, कारण चॉपरपर्यंत गेलेलं बहुतेक भांडण दोन थपडांपासूनच निघालेलं असतं. तुमच्या वेळी आणि आता यात आम्हाला दिसणारा मोठा फरक मोबाइलचा आहे. तुम्ही मार खाल्लात तर गल्लीतल्या पाच जणांना कळायचं. आता त्याची क्लिप रात्री अकरापर्यंत कळव्यापासून ऐरोलीपर्यंत फिरते, आणि ज्याला मार पडला त्याला दुसऱ्या दिवशी ‘वट’ परत मिळवायचीच असते.

२. पण ही सगळी झोपडपट्टीतलीच मुलं ना?

नाही. घोडबंदर रोडच्या टॉवरमधली, वाशी–नेरूळच्या सेक्टरमधली मुलंही आमच्याकडे येतात. फरक असा की टॉवरमधल्या मुलाचं भांडण सोसायटीच्या ऑफिसात मिटतं आणि दिघ्याच्या किंवा तुर्भे स्टोअरच्या मुलाचं पोलीस ठाण्यात पोचतं. नोंदी त्यामुळे एका बाजूच्याच दिसतात. वयाचा मुद्दा मात्र पक्का आहे: राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत पकडलेल्या अल्पवयीनांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त मुलं १६ ते १८ वर्षांची असतात. दहावीचा निकाल लागल्यापासून पहिली नोकरी लागेपर्यंतचा हा काळ. त्यात ना शाळेचे सर मागे असतात, ना कामावरचा मुकादम.

३. भांडणं होतात तरी कशावरून? ड्रग्जवरून? टोळ्यांवरून?

आमच्याकडे एक वही आहे. एखादा ‘मॅटर’ कानावर आला की आम्ही वार, वेळ, जागा आणि कारण लिहितो. नाव लिहीत नाही. कारणांचा रकाना वाचला तर हसू येईल आणि मग येणार नाही: खुन्नस देऊन बघितला. टोपणनावाने हाक मारली. इन्स्टावर स्टोरी टाकली. बाइकचा आरसा घासला. टपरीवर सिगारेटचे पैसे दिले नाहीत. एका मुलीचं नाव घेतलं (त्या मुलीला यातलं काही माहीतही नव्हतं, असं बहुतेक वेळा निघतं). क्रिकेटमध्ये नो-बॉल.

वेळेच्या रकान्यात संध्याकाळी क्लास सुटायची वेळ आणि रात्री जेवणानंतरचा नाका. जागा त्याच त्या चार-पाच.

ही वही आमची कल्पना नव्हे. वेल्समधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड नावाच्या शल्यचिकित्सकाच्या लक्षात आलं की फुटलेले जबडे घेऊन येणाऱ्या कितीतरी जणांची पोलिसांत नोंदच नसते. मग इस्पितळाच्या अपघात विभागात प्रत्येक जखमीला फक्त कुठे, कधी आणि कशाने एवढंच विचारायला सुरुवात झाली. नावाशिवायची ही माहिती पोलीस आणि पालिकेकडे जाऊ लागली आणि त्याप्रमाणे गस्तीचे मार्ग बदलले, भांडणं होणाऱ्या बारवर लक्ष ठेवलं गेलं. २०११ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तशाच इतर शहरांच्या तुलनेत मारहाणीने इस्पितळात दाखल होणाऱ्यांची संख्या तिथे कमी झाली. आमच्या वहीमुळे एका बंद पडलेल्या पथदिव्याचा पाठपुरावा झाला आणि एका क्लासवाल्यांनी दोन बॅचच्या सुटण्यात पंधरा मिनिटांचं अंतर ठेवलं. तेवढंच. पण त्या कोपऱ्याच्या नोंदी नंतर फार कमी आल्या.

४. संशोधन वगैरे ठीक आहे. दोन कानाखाली ठेवून दिल्या की पोरगं सरळ होतं, हा आमचा अनुभव आहे.

तुमच्यासमोर सरळ होतं. आमच्या गटात सगळ्यात जास्त हात उचलणारी मुलं घरी सगळ्यात जास्त मार खाणारी आहेत, आणि ती हे स्वतःच सांगतात. शाळेत तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. याहून जास्त वाद घालत नाही. प्रश्न ६ मधला खेळ घरी एकदा करून बघा.

५. एकदा जेल दाखवून आणलं, कैद्यांशी बोलणं करून दिलं, तर घाबरून सुधारेल ना?

हा प्रश्न वर्षातून किमान दहा शाळा विचारतात. ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह जवळच असल्यामुळे असेल.

अमेरिकेत हे दशकानुदशकं केलं गेलं. वाया चाललेल्या मुलांना तुरुंगात नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दम द्यायचा. लोकांना फार आवडलं, टीव्हीवरही आलं. नंतर अँथनी पेट्रोसिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा नऊ प्रयोगांचा एकत्र अभ्यास केला. त्या प्रयोगांत मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी केली होती: काही तुरुंगात गेली, काही गेली नाहीत. निष्कर्ष असा निघाला की तुरुंग बघून आलेल्या मुलांनी नंतर जास्त गुन्हे केले. काहीच केलं नसतं तर बरं झालं असतं, असा तो मामला. ज्या मुलाला नाक्यावर वट हवी असते त्याच्यासाठी ‘मी आत जाऊन आलोय’ ही गोष्ट लाज नसून भांडवल असते.

संशोधन कशाला हवं याचंही उत्तर हेच. मनाला पटणारी गोष्ट आणि लागू पडणारी गोष्ट वेगवेगळी निघू शकते, आणि मोजल्याशिवाय ते कळत नाही.

६. शनिवारी तुम्ही मुलांबरोबर नक्की करता काय? व्याख्यान देता का?

व्याख्यान दिलं तर पुढच्या शनिवारी समाजमंदिरात आम्ही आणि पंखे उरतो.

पहिल्या दिवशीचा खेळ असा. दोन-दोनच्या जोड्या. एकाच्या मुठीत चेंडू. दुसऱ्याला सांगायचं, ‘तीस सेकंदांत तो चेंडू मिळव.’ लगेच झटापट सुरू होते. बोटं पिरगळतात, चिमटे काढतात, कोणी गुदगुल्या करतं. वेळ संपल्यावर आम्ही विचारतो, ‘अरे, मागितला कोणी?’ शांतता. मग चेंडूवाल्याला विचारतो, मागितला असता तर दिला असतास का? ‘दिला असता की. चेंडूच तर आहे.’

हा खेळ शिकागोच्या ‘बिकमिंग अ मॅन’ नावाच्या शालेय कार्यक्रमातला आहे. त्यात मुलं आठवड्यातून एकदा, तासिका बुडवून, एका मोठ्या माणसाबरोबर गोल करून बसतात. अंगावर येणाऱ्या प्रसंगात पहिला विचार जरा थांबवून दुसरा विचार करायचा सराव करतात. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन मोठ्या प्रयोगांत तो तपासला. कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाल्या. मारू नका, असं तिथे कोणी शिकवत नाही. त्यांच्या रस्त्यावर कधी कधी ताठ उभं राहावंच लागतं, हे मुलांना माहीत असतं. शिकवलं जातं ते एवढंच, की ही वेळ ती आहे का ते ओळख.

आम्ही त्याला मराठी अंग दिलं. तीच तीच भांडणं नाटुकलीत करायची आणि मध्येच ‘स्टॅच्यू’ म्हणायचं. गोठलेल्या मुलाच्या डोक्यात आत्ता काय चाललंय ते तिसऱ्या मुलाने बोलायचं. ठाण्यात या बाबतीत आम्ही नवखे आहोत. समता विचार प्रसारक संस्थेने रत्नाकर मतकरींच्या कल्पनेतून ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला; त्यात वस्तीतली मुलं स्वतःच लिहितात, स्वतःच करतात. आमचे दोन मुलगे तिथलं नाटक बघून आले आणि परतताना रिक्षात भांडले की आपलं जास्त चांगलं होईल. भांडू दिलं.

७. भांडण पेटायच्या आधी मध्ये पडणारी माणसं तयार करता येतात का?

येतात, आणि त्यासाठी शिकागोच्या आधी भिवंडीला जायला हवं.

भिवंडीत १९७० आणि १९८४ साली मोठ्या दंगली झाल्या. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांना न बसवता त्या त्या मोहल्ल्यातली दोन्ही समाजांची साधी माणसं आणि त्या भागाचे पोलीस यांना नियमित एकत्र बसवलं. दंगल नसतानाही बैठका चालू राहिल्या, हे महत्त्वाचं. किरकोळ कुरबुरी तिथेच निघायच्या, अफवा आली तर कोणाला विचारायचं ते माहीत असायचं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली आणि तिने पोरांच्या क्रिकेट सामन्यांना हाताशी धरलं.

शिकागोची गोष्ट नंतरची. गॅरी स्लटकिन हे साथरोगांचे डॉक्टर. क्षय, पटकी, एड्स यांवर आफ्रिकेत काम करून परतले आणि त्यांना गोळीबारांचा नकाशा साथीच्या नकाशासारखा दिसला: एकाला झालं की जवळच्याला होतं. २००० साली त्यांनी वेस्ट गारफील्ड पार्क भागात काम सुरू केलं. ज्यांचा शब्द नाक्यावर चालतो, जे स्वतः त्या आयुष्यातून बाहेर आलेत, अशांना पगार देऊन भांडणाच्या आधी मध्ये घालायचं. काही शहरांत उतार दिसला, काही ठिकाणी फरक पडला नाही. जिथे माणसं चुकीची निवडली किंवा पैसे मध्येच बंद झाले तिथे कार्यक्रम कोसळला. भिवंडीतूनही आम्ही हेच उचललं: बैठक चुकवायची नाही.

आमचे ‘एकेकाळी राडे केलेले दोघे’ हेच काम करतात. फोन आला की जातात, चहा पाजतात, एका पार्टीला घरी पाठवतात. त्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे: ‘आज नको, उद्या बघू.’ उद्यापर्यंत निम्म्या पोरांना भांडण कशावरून होतं तेच नीट आठवत नाही. याच्यात आणि ‘भाऊंच्या’ मांडवलीत काय फरक, ते प्रश्न १४ मध्ये.

८. मैदान द्या, क्रिकेट खेळू द्या, आपोआप सुधारतील. नाही का?

मैदान द्याच. ठाण्यात मैदानावर मंडप किती दिवस असतो आणि पोरं किती दिवस, हा वेगळा लिहायचा विषय आहे. पण नुसत्या खेळाने स्वभाव बदलतो याला आधार नाही. आमच्या वहीतली काही भांडणं मैदानातच सुरू झाली आहेत. फरक प्रशिक्षक पाडतो. मुंबईत ‘परिवर्तन’ नावाच्या कार्यक्रमात शाळांच्या क्रिकेट प्रशिक्षकांनाच तयार केलं होतं. सरावानंतर थोडा वेळ बसून ते मुलांशी मुलींचा मान, शिवीगाळ, मर्दपणा म्हणजे काय यावर बोलायचे. मोजणी झाली तेव्हा मुलांची मतं बदललेली दिसली. वागण्यातला बदल तेवढा ठळक नव्हता. हेही सांगितलं पाहिजे. मत बदलायला हंगाम पुरतो, हात थांबायला जास्त वेळ लागतो.

९. शाळा सोडलीय, दिवसभर नाक्यावर असतो. कामाला लावू का?

वय सांगा आधी. १४ च्या आत कामाला लावणं कायद्याने बंद आहे. अपवाद दोनच: शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या, धोकादायक नसलेल्या व्यवसायात मदत, आणि अटींसह बालकलाकाराचं काम. १४ ते १८ ला धोकादायक कामं चालत नाहीत. म्हणजे ठाणे–बेलापूर पट्ट्यातल्या रसायन कंपनीत ‘ओळखीने चिकटवून’ देऊ नका.

बाकी कामाचा उपयोग होतो. शिकागोत सारा हेलर यांनी हिंसा जास्त असलेल्या १३ शाळांतल्या १,६३४ मुलामुलींचा अभ्यास केला. काहींना उन्हाळ्यात ८ आठवड्यांचं अर्धवेळ काम मिळालं. पुढच्या १६ महिन्यांत त्यांच्या हिंसक गुन्ह्यांच्या अटका ४३ टक्क्यांनी कमी होत्या. गंमत म्हणजे बहुतेक घट काम संपल्यानंतरची होती. म्हणजे ‘हात रिकामे नव्हते’ एवढं कारण पुरत नाही. वरिष्ठ ओरडला तरी गिळून घ्यायची सवय लागली असावी, असा आमचा अंदाज. लायबेरियाच्या मनरोव्हियात ९९९ तरुणांवरच्या प्रयोगात फक्त रोख रक्कम किंवा फक्त समुपदेशन याहून दोन्ही मिळालेल्यांच्यात टिकाऊ बदल दिसला, अगदी दहा वर्षांनंतरही.

शाळेचा दरवाजाही बंद समजू नका. दहावीसाठी बाहेरून बसायला सतरा नंबरचा फॉर्म आहे, रात्रशाळा आहेत. तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ पासून सिग्नलवरच्या मुलांची शाळा भरते. तिथे बसून मुलं दहावी होऊ शकतात तर आपल्या पोराचंही जमेल. नशेचा भाग असेल तर १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन, आणि मन फार खाली गेलं असेल तर टेली-मानसचा १४४१६.

१०. मुलाला पोलीस घेऊन गेलेत. तो १७ चा आहे. आत्ता काय करू?

वयाचा पुरावा घेऊन जा. शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आधी धरलं जातं, ते नसेल तर पालिकेचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तर वैद्यकीय तपासणी. वय घटनेच्या दिवशीचं मोजतात, पकडल्याच्या दिवशीचं नाही.

पोलीस ठाण्यात ‘बाल कल्याण पोलीस अधिकारी’ कोण आहेत ते विचारा. प्रत्येक ठाण्यात असे अधिकारी असावे लागतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर हजर करावं लागतं. या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली किमान एक स्त्री. जामीन हा नियम आहे. मुलाला बाहेर धोका असेल, तो पुन्हा गुन्हेगारांच्या संगतीत जाईल किंवा सुटकेमुळे न्यायाचा हेतूच फसेल असं दिसलं तरच नाकारतात. म्हणून घरी कोण बघेल, शाळा-क्लास काय चालू आहे, हे नीट सांगता आलं पाहिजे. वकील परवडत नसेल तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरण. मुलांसाठी ती मदत मोफत असते.

आणि कृपा करून पोलीस ठाण्याच्या दारात पोराला मारू नका. होतं ते. आम्ही पाहिलंय.

११. आम्ही खारघरला राहतो, भांडण सीवूड्सला झालं. मग ठाणे जिल्हा की रायगड?

नवी मुंबईतला हा नेहमीचा घोळ. पोलीस आयुक्तालय एकच, पण खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल हे रायगड जिल्ह्यात आणि ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात. बाल न्याय मंडळ, बाल कल्याण समिती, बाल संरक्षण कक्ष हे जिल्ह्यानुसार असतात. घटना जिथे झाली तिथलं पोलीस ठाणं ठरवेल. तुमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला आहे हे मात्र पहिल्याच दिवशी कागदावर येऊ द्या. घरची चौकशी करायला परिवीक्षा अधिकारी येतात, ते चुकीच्या जिल्ह्यात हेलपाटे घालतात.

१२. अठराच्या आत काहीच होत नाही, असं पोरंच म्हणतात. खरं का?

हे त्यांना कोणीतरी मोठ्याने शिकवलेलं असतं, आणि तो मोठा स्वतः मागे राहतो.

किरकोळ आणि गंभीर गुन्ह्यांत मंडळ समज देऊन सोडण्यापासून विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवण्यापर्यंत आदेश देऊ शकतं. ज्या गुन्ह्याची किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त आहे, उदाहरणार्थ खून, त्यात मुलगा १६ पूर्ण असेल तर मंडळ त्याची समज आणि परिस्थिती तपासतं आणि प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. तिथे त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. फाशी मात्र होत नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही होत नाही. एक बारकावा: खुनाच्या प्रयत्नाला किमान शिक्षा ठरलेली नसल्यामुळे तो या सर्वात वरच्या गटात मोडत नाही.

आणि मागे राहणाऱ्या ‘भाई’साठी: मुलांना गुन्ह्यासाठी वापरलं तर बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ९५ वेगळं आहेच. मुलाला हे कलम पाठ करून द्या. ‘मी सतरा, तू तेवीस, आत कोण जाणार?’ हा हिशोब आमच्या गटातल्या एका पोराने भाईला तोंडावर ऐकवला. त्याला परत कोणी बोलावलं नाही.

१३. माझा मुलगा फक्त तिथे उभा होता. त्याने हातही लावला नाही.

पाच किंवा जास्त जण एका बेकायदा हेतूने जमले आणि त्यातल्या एकाने गुन्हा केला, तर जमावातल्या प्रत्येकाला त्यासाठी जबाबदार धरता येतं. ‘उभा होता’ हे बघ्याचं उभं राहणं की सोबतीचं, हे मग क्लिप आणि फोनवरचे मेसेज ठरवतात. मुलांना आम्ही एवढंच सांगतो: मित्र ‘चल, फक्त उभा राहा’ म्हणाला तर तेच खरं आमंत्रण असतं.

१४. आमच्याकडचे भाऊ मॅटर मिटवून देतात. पोलीस, कोर्ट कशाला?

मांडवलीचं बिल नंतर येतं. आज भाऊंनी सोडवलं की उद्या भाऊंच्या रॅलीत, परवा भाऊंच्या जागेच्या भांडणात पोरगं उभं लागतं. आम्ही मध्ये पडतो तेव्हा पैसे देवघेव नाही, माफी सगळ्यांसमोर मागायला लावणं नाही, आणि कोणावर उपकार नाही.

मर्यादाही सांगतो. खुनाचा प्रयत्न किंवा धोकादायक हत्याराने गंभीर दुखापत असे गुन्हे आपसात मिटवता येतच नाहीत, भाऊ कितीही म्हणोत. रक्त निघालं असेल तर आमचे दोघेही हात काढून घेतात. आधी १०८, मग बाकी. पोलिसांचा कागद नाही म्हणून जखमीवर उपचार थांबवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे.

१५. मुलगा गटात जे बोलतो ते तुम्ही आम्हाला सांगता का?

नाही. सांगितलं तर तो बोलणार नाही. तीन अपवाद आम्ही पहिल्याच दिवशी मुलांना सांगतो: कोणाच्या तरी जिवावर बेतणारं असेल, मुलगा स्वतःला इजा करणार असेल, किंवा लैंगिक अत्याचाराचा विषय असेल. तिसऱ्यात आम्हाला पर्याय नाही. पॉक्सो कायद्याने माहिती देणं बंधनकारक आहे. चाइल्डलाइन १०९८ वर मुलं स्वतःही फोन करू शकतात.

१६. मारामारीचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर आला. ‘सावध राहा’ म्हणून पुढे पाठवला तर चालेल ना?

नाही. अशा प्रकरणातल्या अल्पवयीन मुलाची ओळख उघड करणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोलिसांना द्या, स्वतःकडून काढून टाका. बदला पेटतो तो यावरच (प्रश्न १).

१७. वाढदिवसाला तलवारीने केक कापला. गंमत होती हो!

नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं हत्यार शस्त्र नियमांत बसतं. शिवाय ठाणे आणि नवी मुंबईत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश वरचेवर निघतात. रील बघून पोलीस घरी येतात. केकला प्लास्टिकची सुरी मिळते.

१८. पुढे नोकरीला, पासपोर्टला हे आडवं येईल का?

अल्पवयात झालेल्या प्रकरणामुळे अपात्रता येऊ नये असं बाल न्याय कायद्याचं कलम २४ सांगतं आणि ठरावीक काळानंतर नोंद नष्ट करायची असते. अपवाद प्रश्न १२ मधला: १६ पूर्ण आणि प्रकरण बाल न्यायालयात प्रौढासारखं चाललेलं. मंडळाच्या अंतिम आदेशाची प्रत जपून ठेवा. दहा वर्षांनी तीच लागते, आणि तेव्हा ती हमखास सापडत नाही.

१९. आमच्या मंडळात असा गट सुरू करायचाय. काय लागेल?

एक खोली. पालिकेचं समाजमंदिर चालेल, मंडळाचं ऑफिस नको. तिथे वर्गणीची पावती आठवते. एक चेंडू, एक वही. आणि दोन वर्षं एकही शनिवार न चुकवणारा एक माणूस. खरी अडचण त्याचीच. गणपतीत मंडळं दहा दिवस जीव तोडून राबतात, त्यांना अकराव्या दिवसासाठी माणूस मिळत नाही. आठवड्याला दोन तास देणारा एक रिक्षावाला आम्हाला तीन पदवीधरांपेक्षा जास्त उपयोगी पडला, कारण तो पोरांना रोज स्टँडवर भेटतो. पहिल्या महिन्यात चार मुलं येतील. बॅनर लावू नका. ‘बिघडलेल्या मुलांसाठी’ असं तर कुठेच लिहू नका.

२०. मुलगा आता १९ चा आहे. तडीपारीची नोटीस आलीय. तुमच्याकडे येऊ शकतो का?

नोटीस म्हणजे आदेश नव्हे. आधी बाजू मांडायची संधी द्यावी लागते. तारीख चुकवू नका, वकील घेऊन जा आणि शाळा-नोकरीचे, घरच्या जबाबदारीचे कागद सोबत न्या. आदेश झालाच तर जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी असतो आणि ३० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. आदेश लागू असताना हद्दीत पाऊल टाकलं तर नवा गुन्हा. म्हणून समाजमंदिरात आम्ही त्याला येऊ देत नाही. असा आमचा एक मुलगा सध्या मामाकडे साताऱ्याला असतो. शनिवारी सहाला फोन लावतो, आम्ही तो स्पीकरवर टाकून सतरंजीच्या मध्ये ठेवतो, आणि चेंडूच्या खेळात पंच म्हणून तो तिकडून ओरडतो.